झाकली मूठ आणि पेशीचे गणित

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायो-ई३’ धोरणाला मंजुरी दिली. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्हींसाठी जैवतंत्रज्ञान, असा त्या नावाचा अर्थ. तेव्हापासून राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये एकच सूर सतत ऐकू येतो आहे : यापुढे रसायने खनिज तेलापासून नव्हे, तर सूक्ष्मजीवांच्या पेशींत तयार होतील, बायोफाउंड्री उभ्या राहतील, जीवशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची संयुक्त केंद्रे निघतील, २०३० पर्यंत भारताची जैव-अर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरवर पोहोचेल.

या धोरणाला माझा विरोध नाही. ज्या कामावर माझे पोट चालते, त्याच कामाला ते बळ देऊ पाहते. माझा आक्षेप आहे तो या वार्तांच्या भाषेला, आणि त्या भाषेमुळे आपल्या प्रयोगशाळांत रुजत चाललेल्या एका सवयीला. ‘संगणकीय प्रतिमानानुसार उत्पादन अमुक पट वाढेल’ असे वाक्य आपण हल्ली वारंवार वाचतो. किती पट, ते सांगितले जाते. त्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, ते सांगितले जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण संसारात उपयोगी पडत असेल; विज्ञानात मात्र झाकलेली मूठ ही फसवणूकच होय, मग ती फसवणूक इतरांची असो वा स्वतःची.

मी मूळची भौतिकशास्त्राची. डॉक्टरेट संपवून पेशीच्या चयापचयाकडे वळले, तेव्हा मला वाटले होते की येथेही समीकरणे आहेत, संगणक आहे. फार तर नवी नावे पाठ करावी लागतील. समीकरणे खरोखरच होती, आणि जुनी होती. लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या, वेगाचे गणित मांडले. विकराचा कमाल वेग आणि त्या वेगाच्या निम्म्यावर पोहोचण्यासाठी लागणारी कच्च्या रेणूंची संहती, एवढ्या दोन राशींत एका विकराचे वागणे बरेचसे सांगता येते. पेशीत अशी विकरे शेकड्यांनी असतात. एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चयापचय-आराखड्यात १,५१५ जनुके आणि २,७०० हून अधिक अभिक्रिया आहेत. हा आराखडा म्हणजे रेल्वेचा नकाशा : कोणते स्थानक कोणाला जोडले आहे, ते त्यातून कळते. गाडी केव्हा पोहोचेल, कोठे खोळंबेल, एका मार्गावर गाड्या वाढवल्या तर कोंडी कोठे होईल, हे सांगायला वेळापत्रक लागते. गतिकीय प्रतिमान म्हणजे ते वेळापत्रक. जैव-उत्पादनाचे सगळे मनसुबे शेवटी याच प्रश्नावर येऊन ठेपतात : कोणते जनुक वाढवावे, कोणते दाबावे, म्हणजे हवा तो पदार्थ अधिक मिळेल?

अडचण येथूनच सुरू होते. वेळापत्रकासाठी प्रत्येक विकराचे अंक हवेत, आणि ते आपल्याकडे नाहीत. जे आहेत ते परीक्षानळीतले : शुद्ध केलेले विकर, त्याला सर्वांत सोयीची आम्लता, प्रत्येक प्रयोगशाळेचे वेगळे तापमान. जिवंत पेशीत हे सारे निराळे असते. २००० साली नेदरलँड्समधील तेउसिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधील ग्लुकोज-विघटनाच्या मार्गावर ही परीक्षा प्रामाणिकपणे घेऊन पाहिली. परीक्षानळीत मोजलेल्या अंकांवरून पेशीचे वर्तन समजते का, हाच त्यांच्या निबंधाचा प्रश्न होता. उत्तर आले ते असे, की निम्म्या विकरांच्या बाबतीत अंक दुपटीच्या आत जुळले आणि उरलेल्यांच्या बाबतीत तेवढेही जुळले नाहीत. चयापचयातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या मार्गाची ही कथा. ज्या मार्गाकडे कोणी ढुंकूनही पाहिलेले नाही, त्याची काय अवस्था असेल?

यावर एक सोपी पळवाट आहे, आणि आपण सर्रास तीच घेतो. अंक माहीत नसतील तर संगणकाला सांगायचे : प्रयोगाच्या मोजमापांशी जुळतील असे अंक तूच शोध. संगणक ते शोधतो, आलेख सुरेख जुळतो, निबंध छापला जातो. यात काय बिघडले, ते एका छोट्या हिशेबाने दाखवते.

समजा, एका विकराविषयी दोन अंदाज आहेत. पहिला : कमाल वेग सेकंदाला १० रेणू, निम्म्या वेगाची संहती लिटरला १ मिलिमोल. दुसरा : कमाल वेग १००, निम्म्या वेगाची संहती १० मिलिमोल. पेशीत त्या कच्च्या रेणूची संहती ०.०५ मिलिमोल आहे. पहिल्या अंदाजाने वेग निघतो सेकंदाला सुमारे ०.४८, दुसऱ्याने ०.५०. आपल्या मोजमापात १० टक्के त्रुटी असेल, तर हे दोन अंदाज कोणत्याही आलेखावर वेगळे ओळखू येणार नाहीत. दोन्ही सारखेच सुरेख जुळतील. आता जनुकीय बदल करून कच्च्या रेणूची संहती शंभरपट, म्हणजे ५ मिलिमोल केली. पहिला अंदाज म्हणतो, वेग होईल ८.३, दुसरा म्हणतो, ३३.३. चौपटीचा फरक! संगणकाने या दोहोंपैकी कोणता अंदाज उचलला, ते केवळ शोधाची सुरुवात कोठून केली यावर ठरलेले असते. आणि आपण मात्र त्याला ‘प्रतिमानाचे भाकीत’ म्हणतो.

हा दोष एखाद्या विकरापुरता नाही. २००७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांच्या गटाने जीवशास्त्रातील १७ प्रसिद्ध प्रतिमाने तपासली. सगळ्यांत हाच गुण आढळला : राशींची काही मोजकी संयुगे घट्ट ठरलेली, आणि बाकीच्या दिशांनी अंक कितीही हलवले तरी आलेखावर परिणाम नाही.

मला हे पुस्तकातून समजले नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मी असाच एक आकडा दिला होता. आलेख जुळला होता. अमुक जनुक वाढवा, उत्पादन वाढेल, असे मी ठामपणे सांगितले. त्या शब्दावर विसंबून एका संशोधक विद्यार्थिनीने आठ महिने तो वाण तयार करण्यात घालवले. उत्पादन जागचे हलले नाही. तिने पुन्हा केले, पुन्हा मोजले. अखेर एका संध्याकाळी तिने मला विचारले, “मॅडम, माझा हातच वाईट आहे का?” तिचा हात उत्तम होता. वाईट होता तो माझा आकडा. नंतर मी संपूर्ण हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा दिसले की माझ्याच मोजमापांशी सुसंगत अशा अंदाजांपैकी मोठ्या हिश्श्यात उत्पादन वाढतच नव्हते. पुढचे विकर आधीच संपृक्त होत होते. हे मला आधी सांगता आले असते. तेव्हा मी ते शोधले नाही, कारण तसे कोणी विचारले नव्हते, आणि एकच आकडा सांगणाऱ्याचा रुबाब मला हवासा वाटला होता.

बेझच्या सांख्यिकीचे महत्त्व येथे आहे. थॉमस बेझ यांचा निबंध १७६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यातली कल्पना साधी आहे. मोजण्यापूर्वी आपल्याला काय वाटत होते, ते संभाव्यतेच्या भाषेत लिहा. मोजमाप आले की त्या संभाव्यता दुरुस्त करा. उत्तर म्हणून एक बिंदू देऊ नका, उरलेल्या सर्व शक्यता त्यांच्या वजनासह द्या. विकरांच्या बाबतीत ‘आधी काय वाटत होते’ हे अगदीच हवेतले नाही. हजारो विकरांच्या नोंदींचे २०११ मध्ये विश्लेषण झाले, तेव्हा विकराच्या कमाल वेगाचा मध्यक सेकंदाला सुमारे १० निघाला, आणि विस्तार अनेक दशपटींचा. म्हणजे अज्ञात विकराविषयीही आपल्याला काहीतरी माहीत असते. मात्र ते किती थोडे आहे, हेही तोच विस्तार सांगतो. उत्तरासाठी लागणारी आकडेमोड अवघड होती, तीही आता आवाक्यात आली आहे. क्वार्कांच्या गणनेसाठी भौतिकशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मांडलेली एक युक्ती आज ‘स्टॅन’ या मुक्त संगणकीय भाषेत कोणालाही वापरता येते. तिच्याच आधारे डेन्मार्कमधील संशोधकांनी चयापचयाच्या गतिकीय प्रतिमानांसाठी ‘मॉड’ नावाची मुक्तस्रोत प्रणाली बांधली आहे. ती विकरांची मोजमापे, पेशीतील प्रथिनांचे व रेणूंचे प्रमाण, अभिक्रियांचे प्रवाह आणि उष्मागतिकीचे नियम हे सारे एकाच हिशेबात तोलते.

उष्मागतिकीचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण तेथे आपल्या देशाचा एक विसरलेला धागा आहे. उलटसुलट चालणाऱ्या अभिक्रियेत विकराचे पुढचे व मागचे वेग आणि दोन्ही बाजूंच्या रेणूंशी असलेली त्याची जवळीक हे अंक स्वतंत्र नसतात. समतोलाचा स्थिरांक त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. हा संबंध न पाळणारे प्रतिमान कागदावर अखंड फिरणारे यंत्र निर्माण करते. या संबंधाला जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव आहे. विकरांवरचा त्यांचा ग्रंथ १९३० चा. हेच हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरात निवर्तले. ती संस्था उभारणारे प्रशांतचंद्र महालनोबीस मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आणि दिलेल्या मोजमापांतून एखादी राशी जास्तीत जास्त किती अचूक कळू शकते, याची मर्यादा १९४५ मध्ये ज्यांनी कोलकात्यात बसून सिद्ध केली, ते सी. आर. राव तेव्हा पंचविशीतले तरुण होते. वर सांगितलेल्या १७ प्रतिमानांचा दोष ज्या गणिताने उघडा पडतो, त्याच गणिताच्या मुळाशी राव यांचे काम आहे. ‘आम्हाला किती कळत नाही’ याचे मोजमाप करणे, ही आपण परदेशातून आणलेली चैन नव्हे. ती आपल्याच घरातली ठेव आहे, आणि आपण तिला गंज चढू दिला आहे.

आता आक्षेपांकडे वळते. ते मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप : बेझची पद्धत व्यक्तिनिष्ठ आहे, पूर्वग्रह हिशेबात घुसवता येतो. खरे आहे, घुसवता येतो. पण तो कागदावर लिहावा लागतो, आणि लिहिलेले तपासता येते. एका आकड्याच्या पद्धतीतही पूर्वग्रह असतातच : शोध कोठून सुरू केला, कोणते अंक कोणत्या ग्रंथातून उचलले, कोणते न जुळल्याने गुपचूप बदलले. फरक एवढाच, की तेथे ते कोणाला दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप : उद्योगाला आणि शासनाला निर्णय घ्यायचा असतो, त्यांना एकच आकडा लागतो. हा आक्षेप ऐकला की मला हवामान विभाग आठवतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याने मान्सूनच्या पावसाचे भाकीत केले : दीर्घकालीन सरासरीच्या १०५ टक्के, त्रुटी अधिक-उणे ५ टक्के. देशातील कोट्यवधी शेतकऱ्यांचे नशीब ज्याला टांगलेले, ते भाकीत त्रुटीसह जाहीर होते, आणि त्यामुळे कोणाचे राज्य बुडत नाही. मग किण्वनाच्या टाकीत काय निपजेल, त्याचे भाकीत त्रुटीविना का? टाकी बांधणाऱ्यालाच तर ती त्रुटी सर्वांत आधी कळायला हवी. उत्पादन दुप्पट होण्याची शक्यता १० टक्के आहे की ९० टक्के, यावरच भांडवल घालावे की नाही ते ठरते.

तिसरा आक्षेप आजचा आणि सर्वांत मोहक : आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, ती सगळे अंक सांगेल. उदाहरण दिले जाते अल्फाफोल्डचे. प्रथिनांच्या रचना ओळखण्यात त्याने २०२० मध्ये मिळवलेले यश अपूर्व होते, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याच्या निर्मात्यांना मिळाले ते योग्यच. पण ते यश कशावर उभे होते? १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी क्ष-किरणांनी आणि इतर पद्धतींनी एकेक करून मोजलेल्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या सुमारे १,७०,००० रचनांवर. अर्धशतकाची मजुरी आधी झाली, मग चमत्कार झाला. पेशीच्या आतल्या वेगांसाठी असा साठा जगाकडे नाही, आपल्याकडे तर नाहीच. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मोजमापांचा आड खणायचा सोडून आपण पोहऱ्यांच्या खरेदीच्या बातम्या छापत आहोत.

आणि बेझची पद्धतही आड खणून देत नाही, हे मला माझ्याच बाजूच्या लोकांना सांगितले पाहिजे. आमच्यातही आता नवी फॅशन येते आहे : मोजमापे जेमतेम, पण अंदाजाभोवती रंगीत पट्टा काढला की आम्ही प्रामाणिक ठरलो! मोजमापाने ज्या राशीविषयी काहीच सांगितले नाही, तिच्याविषयीचे उत्तर म्हणजे आपलाच पूर्वग्रह परत आलेला असतो. बेझचा खरा उपयोग असा, की पुढचे कोणते मोजमाप केले तर सर्वांत अधिक अज्ञान दूर होईल, हे तो सांगतो. माझ्या त्या फसलेल्या प्रकल्पात एका मधल्या रेणूची संहती आणि एका विकराचा कमाल वेग, एवढी दोन मोजमापे आधी केली असती, तर आठ महिने वाचले असते.

मग ती मोजमापे आपण का करत नाही? क्षमता नाही म्हणून नव्हे. मुंबईच्या आयआयटीत नीलहरित जीवाणूंमधील प्रवाह कार्बन-१३ वापरून मोजले गेले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. फरिदाबादला २०२२ पासून भारतीय जैविक विदा केंद्र आहे. नाही ती प्रतिष्ठा. विकराचा वेग काळजीपूर्वक, पेशीसदृश परिस्थितीत, तीनदा मोजणाऱ्याला ना बातमी मिळते ना बढती. त्यातून देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के, एवढ्या तुटपुंज्या पंगतीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या पानात आधी वाढले जाते. एका निधी-समितीसमोर मी माझे भाकीत शक्यतांच्या पट्ट्यासह मांडले, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, “तुम्हाला नक्की ठाऊक नाही, एवढेच सांगायला पैसे मागता आहात का?” मी म्हणाले, “सर, नक्की ठाऊक नाही म्हणूनच मोजायला पैसे मागते आहे.” प्रस्ताव नामंजूर झाला. समितीला तो अधिकार होताच. माझा प्रस्ताव इतर कारणांनीही कच्चा असू शकेल. पण त्या दालनात बसलेल्या प्रत्येक तरुण संशोधकाने त्या दिवशी जो धडा घेतला, तो कोणत्याही एका प्रस्तावापेक्षा महाग आहे : मूठ उघडू नका.

किंमत किती असते, ते जगाने पाहिले आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिनचा पूर्वद्रव्य रेणू यीस्टमध्ये लिटरला २५ ग्रॅम इतका तयार करून दाखवल्याचा निबंध २०१३ मध्ये आला. विज्ञान म्हणून तो विजयच होता. पण त्यामागे सुमारे १५० मनुष्यवर्षांचे श्रम गेल्याचा अंदाज या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो, आणि त्या श्रमांचा मोठा भाग ‘हे जनुक बदलून पाहू, ते बदलून पाहू’ यातच जातो, हे हे काम करणारा कोणीही कबूल करील. श्रीमंत देश अशी उधळण एकदा सोसू शकतात. आपण प्रत्येक रेणूसाठी ती सोसणार आहोत का?

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. ‘बायो-ई३’खाली मिळणाऱ्या प्रत्येक निधीचा ठरावीक हिस्सा केवळ मोजमापासाठी राखून ठेवावा, आणि ती मोजमापे तापमान, आम्लता व वाणाच्या संपूर्ण तपशिलासह खुली करावीत. सार्वजनिक पैशातून केलेले प्रत्येक भाकीत प्रयोगापूर्वी, त्याच्या अनिश्चिततेसह आणि गृहीतकांसह नोंदवावे. फसलेल्या वाणांचीही नोंद ठेवावी. ज्याने उत्पादन वाढले नाही, तो प्रयोगही प्रतिमानासाठी तितकाच मोलाचा असतो. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संभाव्यता ही ऐच्छिक पुस्ती नव्हे, तर पाया म्हणून शिकवावी. आणि विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी प्रत्येक ‘इतक्या पटी’ला एक प्रश्न विचारावा : अधिक-उणे किती?

ती विद्यार्थिनी आता दुसऱ्या प्रयोगशाळेत आहे, चांगले काम करते आहे. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले, पण उशिरा दिले. आज देशभरातल्या किती प्रयोगशाळांत कोणीतरी आपल्याच हातावर संशय घेत बसले असेल, कारण कोणीतरी वरून एक ठाम आकडा दिला होता?

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी जरूर विरोध करावा. मला तो हवा आहे. फक्त एक विनंती. आपला मुद्दा मांडताना त्याविषयी आपल्याला कितपत खात्री आहे, तेही लिहावे. माझ्यापुरते सांगते : पेशीविषयीचे माझे बरेचसे आकडे चुकीचे निघतील, अशी माझी अपेक्षा आहे. मूठ उघडल्याशिवाय ते सुधारणार नाहीत, याबद्दल मात्र मला फारशी शंका नाही.